नाव भरली, हे कोणी सांगायचे?

8 ऑगस्ट 2019 रोजी सकाळी सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी नाव उलटली आणि 17 जणांचा बळी गेला. कृष्णा आणि येरळा यांच्या संगमाकाठचे हे गाव त्या वेळी पाण्याने पुरते वेढले गेले होते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट मानली जाते. त्या आठवड्यात पाणी 57 फुटांच्या पुढे गेले. नाव चालविणारे गावचे आणि तीत बसलेली माणसेही गावचीच. नावेला झेपेल त्याहून अधिक माणसे तीत चढली होती. मृतांत बायका आणि मुले यांची संख्या मोठी होती.

सरकारी दप्तरात ही घटना पुराची म्हणून नोंदली गेली. वस्तुतः ती मदतकार्यात घडलेली दुर्घटना होती, आणि म्हणूनच ती अधिक विचार करायला लावते. नाव चालविणाऱ्यांनी माणसे वाचविण्यासाठी आपला जीव धोक्यात घातला होता. त्यांच्यावर ठपका ठेवण्याचा कोणालाही अधिकार नाही. परंतु काठावरचे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहावे. पाणी चढते आहे. पुढची खेप होईल की नाही, याची कोणालाच खात्री नाही. आईला मुलाला मागे ठेववत नाही, मुलाला म्हाताऱ्या बापाला सोडवत नाही. अशा वेळी काठावर उभे राहून ‘नाव भरली, आता पुढच्या खेपेला’ एवढे चार-पाच शब्द ठामपणे उच्चारील आणि ज्याचे लोक ऐकतील, असा एक माणूस हवा असतो. धाडस, सद्भावना, पोहण्याची कला यांची नदीकाठच्या गावांत वाण नाही. वाण आहे ती या माणसाची. तो जन्मावा लागत नाही, तयार करावा लागतो. आपत्तीच्या कामासाठी स्थानिक स्वयंसेवकांना शिक्षण देण्याचा प्रश्न नेमका येथे उद्भवतो.

अप्रशिक्षित सद्भावनेची किंमत किती मोठी असू शकते, याचा दाखला 19 सप्टेंबर 1985 च्या मेक्सिको सिटीतील भूकंपाने दिला. कोसळलेल्या इमारतींत अडकलेल्या आठशेहून अधिक लोकांना त्या शहरातील सामान्य नागरिकांनी बाहेर काढले. ही कामगिरी अलौकिकच म्हटली पाहिजे. पण त्याच मदतकार्यात शंभराहून अधिक स्वयंसेवक स्वतः मरण पावले, अशीही नोंद आहे. ढिगाऱ्याखाली कोठून शिरावे, कोणत्या तुळईला हात लावू नये, दुसरा धक्का आला तर कोठे थांबावे, यांतले काहीही त्यांना कोणी शिकविलेले नव्हते. या अनुभवापासून लॉस एंजेलिस शहराच्या अग्निशमन दलाने बोध घेतला आणि वस्त्यावस्त्यांतील नागरिकांना प्राथमिक शोध, सुटका आणि प्रथमोपचार यांचे शिक्षण देण्याचा उपक्रम हाती घेतला. 1993 पासून तो अमेरिकेत देशभर पोहोचला. खुद्द मेक्सिकोत ढिगाऱ्यांत बिळे करून शिरणाऱ्या त्या तरुणांनी पुढे आपले रीतसर पथक उभारले. ‘तोपोस’ म्हणजे जमीन पोखरणारे प्राणी, हे लोकांनी त्यांना दिलेले नाव त्यांनी अभिमानाने मिरविले.

महाराष्ट्राला इतक्या दूर जाण्याचे तसे कारण नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला, तेव्हा गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच अंथरुणाला टेकले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद अशी त्या भागातली घरे. ती झोपलेल्यांच्या अंगावरच बसली. सुमारे दहा हजार माणसे दगावली. पहिले काही तास उपसणारे हात शेजाऱ्यांचेच होते, आणि त्यांतील कित्येकांची स्वतःची माणसे पलीकडच्या ढिगाऱ्याखाली होती.

माळीणची गोष्ट आणखीच विलक्षण आहे. 30 जुलै 2014 रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील ते गाव डोंगराखाली गाडले गेले. बाहेरच्या जगाला ही वार्ता कळली ती एस. टी.च्या गाडीमुळे. नेहमीच्या फेरीला आलेल्या चालकाला समोर गावच दिसेना. 151 माणसे त्या दरडीखाली मेली. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हा महाड शहर आणि आसपासचे रस्ते सावित्रीच्या पुराखाली होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान तेथे पोहोचले ते दुसऱ्या दिवशी. त्यात त्यांची हयगय नव्हती. पाण्यातून रस्ता काढीत, पडलेल्या दरडी ओलांडीत ते आले. ऐंशीहून अधिक माणसे मात्र तोवर गेली होती. या दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ मावळात सुदुंबरे येथे आहे. पावसाळ्यात तिची काही पथके कोल्हापूर, सांगली, रायगड, रत्नागिरी अशा जिल्ह्यांत आधीच नेऊन ठेवली जातात. राज्याचे स्वतःचे दल धुळे आणि नागपूर येथे आहे. या व्यवस्थेत सुधारणेला वाव नाही असे नव्हे. तथापि कितीही सुधारणा केली तरी सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीवर मध्यरात्री अडीच वाजता सर्वांत आधी कोण असणार, या प्रश्नाचे उत्तर बदलत नाही. तेथे वाडीतलाच माणूस असणार.

मग या माणसाला काय यायला हवे? साधारण समजूत अशी की मदतकार्य हे बळाचे आणि हिमतीचे काम आहे. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी ही समजूत मोडावी लागते. शिकविण्यासारख्या गोष्टींत ‘करू नये’ अशांचाच भरणा अधिक असतो. बुडणाऱ्याला वाचविण्याचा क्रम पाहा. आधी काठावरून बांबू किंवा काठी पुढे करायची. ती पोहोचत नसेल तर दोर अथवा हवा भरलेली ट्यूब फेकायची. तेही शक्य नसेल तर नाव न्यायची. आणि स्वतः पाण्यात उतरायचे ते सर्वांत शेवटी. पट्टीच्या पोहणाऱ्याला हा क्रम मानहानीचा वाटतो. भेदरलेला माणूस गळ्याला मिठी मारतो तेव्हा पोहण्याची सारी विद्या व्यर्थ होते, हे त्याला सरावातच पटवावे लागते. वाहत्या पाण्यात उतरताना कमरेला दोर बांधून त्याचे टोक काठावरच्यांच्या हाती द्यायचे, ही आपल्याकडे सर्रास दिसणारी रीत. ती सुरक्षित वाटते, पण ओढीचा जोर वाढला आणि दोर ताणला गेला की तोच दोर माणसाला पाण्याखाली दाबून धरतो, आणि ओली गाठ सुटता सुटत नाही. गुडघाभर पाणी वाहते असले तर धट्ट्याकट्ट्या गड्याचेही पाय उखडते, ही गोष्ट ऐकून माहीत असणे वेगळे आणि दोर धरून त्या पाण्यात उभे राहून अनुभवणे वेगळे.

ढिगाऱ्याचे शास्त्र तर याहून नाजूक. अनेक माणसे एकाच वेळी ढिगाऱ्यावर चढली की खालच्या पोकळ्या दबतात, आणि त्या पोकळ्यांतच जिवंत माणसे असण्याचा संभव असतो. म्हणून शोध घेणारे मोजकेच असावेत आणि बाकीच्यांनी कडेला साखळी करून दगडमाती दूर न्यावी. ठरावीक वेळाने सर्वांनी काम थांबवायचे, यंत्रे बंद करायची, एकाने हाक मारायची आणि मग सगळ्यांनी कान देऊन ऐकायचे. शेकडो माणसांच्या आरडाओरडीत खालून येणारा कण्हण्याचा आवाज हरवतो. शांतता राखण्यासाठी ज्याच्या शब्दाला मान आहे असा कोणी तेथे असावा लागतो. पुन्हा तोच काठावरचा माणूस. ज्याची मांडी तासन्‌तास जड तुळईखाली चिरडून राहिली आहे, त्याला घाईने मोकळे केले तर चिरडलेल्या स्नायूंतील घातक द्रव्ये एकदम रक्तात मिसळून तो बोलता बोलता दगावू शकतो. अशा वेळी डॉक्टर येईपर्यंत तुळई तशीच ठेवून त्याच्याशी बोलत बसणे हेच उपचार ठरतात. आपल्या गावचा माणूस विव्हळत असताना हात आवरून बसण्याइतके कठीण काम दुसरे नसेल, पण ते शिकवता येते.

प्रथमोपचारांतही असेच आहे. हृदयक्रिया थांबलेल्या प्रौढ माणसाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 या वेगाने पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा लागतो. तीस दाब आणि दोन श्वास हे प्रमाण. बुडालेल्याच्या बाबतीत प्राण गेलेला असतो तो श्वास कोंडून, म्हणून तेथे आरंभच श्वास देण्यापासून करायचा. पोटावर दाब देऊन किंवा माणसाला उलटे धरून पाणी काढण्याची जुनी पद्धत आजही गावोगाव चालते आणि तीत अमूल्य मिनिटे फुकट जातात. पाठीच्या कण्याला इजा झाली असेल तर चौघांनी हातपाय धरून उचलणे म्हणजे त्याला जन्माचा पांगळा करणे. दोन बांबू आणि एक घोंगडी यांची डोली कशी करावी, एवढे आले तरी हा अनर्थ टळू शकतो. जखमी अनेक असले तर अधिक ओरडणारा आधी नव्हे, हेही शिकावे लागते. ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो. गप्प पडलेल्याकडे आधी जावे.

या शिक्षणाची सोय नाही असे कोणी म्हणू नये. मुंबई प्रांतात गृहरक्षक दल 1946 साली स्थापन झाले. नागरी संरक्षणाचा कायदा 1968 सालचा. शत्रूच्या बाँबहल्ल्यासाठी उभारलेल्या त्या यंत्रणेकडे पुढे कायद्यात दुरुस्ती करून आपत्तीनिवारणाचेही काम सोपविण्यात आले. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने स्वयंसेवी सुटकाकर्त्यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी जिल्हा प्राधिकरणावर टाकली आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना 2016 मध्ये 25 राज्यांतील 30 पूरप्रवण जिल्ह्यांत प्रत्येकी 200 स्वयंसेवक या हिशेबाने सुरू झाली, आणि नंतर 350 जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्याचे उद्दिष्ट ठरले. 18 ते 40 वर्षे वयाच्या उमेदवाराला 12 दिवसांचे शिक्षण, साहित्याचा संच आणि ठरावीक मुदतीचा विमा असे तिचे स्वरूप. बारा दिवसांत जे शिकवले जाते ते थोडे नाही.

अडचण तेराव्या दिवसापासून सुरू होते. दोराच्या गाठी या बोटांना आठवाव्या लागतात, डोक्याला नव्हे. सहा महिने दोर हाती धरला नाही की बोटे विसरतात. प्रमाणपत्र भिंतीवर लागते. गणवेश घातलेल्यांचे छायाचित्र वृत्तपत्रात येते. तालुक्याच्या यादीत भ्रमणध्वनीचा क्रमांक नोंदला जातो आणि दोन वर्षांत तो बदलतो. साहित्य एखाद्या कचेरीतील कपाटात कुलूपबंद राहिले, तर पुराच्या रात्री किल्ली असलेला कर्मचारी पाण्याच्या पलीकडे असण्याचाच संभव अधिक. हे दोष मोठे नाहीत, पण एकत्र आले की बारा दिवसांचा खर्च मातीमोल होतो. पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात एक आणि पावसाळा संपल्यावर एक, अशा वर्षाकाठी दोन रंगीत तालमी प्रत्येक पूररेषेतल्या व दरडप्रवण गावात व्हायला हव्यात. पाहुण्यांची भाषणे आणि हारतुरे त्यांत नसले तरी चालेल. नावेचे इंजिन मात्र पाण्यात उतरवून चालवून पाहिले गेले पाहिजे.

वयाच्या अटीचाही फेरविचार व्हावा. रायगड-रत्नागिरीच्या अनेक गावांतून 18 ते 40 वयाचा तरुण मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत पोटामागे गेलेला असतो. गणपतीला आणि शिमग्याला तो येतो. दरडी मात्र आषाढ-श्रावणात कोसळतात. त्या रात्री गावात असतात त्या बायका, पन्नाशीच्या पुढचे पुरुष, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि शाळेचे मास्तर. मागे राहिलेल्या या माणसांना योजनेच्या बाहेर ठेवून जी यादी होईल ती कागदावर तरुण आणि गावात गैरहजर असेल. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला ढिगारा उपसता येणार नाही कदाचित. पण कोणत्या घरात त्या रात्री किती माणसे झोपली होती, कोण बाळंतीण आहे, कोण अंथरुणाला खिळलेला आहे, हे तिच्याएवढे कोणालाच ठाऊक नसते, आणि शोध कोठे घ्यायचा हे त्यावरच ठरते. इर्शाळवाडीत 19 जुलै 2023 च्या रात्री दरड आली तेव्हा वाडीत नेमकी माणसे किती, हे निश्चित करण्यातच बराच वेळ गेला. शोध थांबला तेव्हा 27 मृतदेह हाती आले होते आणि 57 जण बेपत्ता होते.

इर्शाळवाडीने आणखीही काही शिकविले. इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेल्या त्या ठाकरवाडीला गाडीरस्ता नव्हता. मातीवर यंत्र चढू शकत नव्हते. कुदळ, फावडे, पाटी हीच साधने. भर पावसात, अंधारात, निसरड्या वाटेने चढत जाऊ शकले ते आसपासच्या गावांतले लोक आणि खोपोली-लोणावळा भागातील गिर्यारोहक. चढणीवरच नवी मुंबई अग्निशमन दलातील एक अधिकारी हृदयविकाराने मरण पावले. गिर्यारोहक मंडळांची महाराष्ट्रातली परंपरा या कामी फार मोलाची आहे. 28 जुलै 2018 रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, तेव्हा शेकडो फूट खोल दरीत दोरावरून उतरून मृतदेह वर आणणाऱ्यांत महाबळेश्वर-पोलादपूर भागातील हे ट्रेकर होते. ही मंडळे पगारी नव्हेत. परंतु ती दर रविवारी दोर हाताळतात, एकमेकांचे वजन आणि स्वभाव ओळखतात आणि नायकाचा शब्द मोडीत नाहीत. सरकारी यादीतील दोनशे नावांना जे मिळत नाही ते त्यांना छंदातून मिळते. शासनाने त्यांच्या शेजारच्या गावांतील पाच-दहा स्वयंसेवक त्यांच्याशी जोडून दिले, तर निराळी तालीम घेण्याचे अर्धे काम आपोआप होईल.

नदीकाठीही असा वारसा आहे. पंचगंगा आणि कृष्णेच्या काठी भोई-आंबी मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या नावा हाकल्या. पुरात गुळाच्या काहिलीतून माणसे पैलतीरी नेल्याच्या आठवणी जुनी माणसे सांगतात. पूल झाले आणि नावा गेल्या. भोवरा कोठे, बांधाचा अडसर कोठे, पाण्याखाली विजेच्या तारा कोठवर येतात, हे ज्ञान आज साठीच्या घरातल्या काही माणसांपाशी उरले आहे. बाहेरून आलेल्या पथकाला रबरी बोट चालवता येते, पण गल्लीत पाण्याखाली कोणाच्या कुंपणाचे लोखंडी गज आहेत हे ठाऊक नसते. अशा वाटाड्याला प्रशिक्षणाच्या वर्गात विद्यार्थी म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून बोलवावे.

एक बाजू मात्र नेहमी दुर्लक्षित राहते. आपत्तीत स्वयंसेवकाच्या वाट्याला जिवंत माणसे थोडी येतात आणि मृतदेह पुष्कळ. ते ओळखीच्यांचे असतात. लहान मुलाचे कलेवर उचलून त्याच्या आजीच्या स्वाधीन केलेला एकवीस वर्षांचा मुलगा चार दिवसांनी घरी जातो, तेव्हा त्याची झोप उडालेली असते, आणि त्याविषयी विचारायला कोणी येत नाही. जवानांना निदान बराक असते, सोबती असतात, वरिष्ठ असतात. याला दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायचे असते. आणि तो रोजंदारीवर असेल तर त्या चार दिवसांची मजुरीही बुडालेली असते. मानधन दिले तर सेवेचे पावित्र्य जाते, असा युक्तिवाद काही जण करतात. ज्यांची मजुरी बुडत नाही, अशांच्याच तोंडी तो बहुधा ऐकू येतो. आपत्तीतील कामाच्या दिवसांचा रोज देणे, विम्याची मुदत संपली की आपोआप नवी करणे आणि महिन्याभराने एखाद्या जाणत्या डॉक्टरने स्वयंसेवकांची विचारपूस करणे, यांसाठी नवा कायदा नको. जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात एक ओळ पुरे.

ज्यांना या कामात पडायचे आहे त्यांनी जिल्हाधिकारी कचेरीतील आपत्ती व्यवस्थापन शाखेत किंवा तहसीलदारांकडे नाव नोंदवावे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी 1077 हा आहे. जेथे पुढची तुकडी निघायला अवकाश असेल तेथेही थांबून राहण्याचे कारण नाही. प्रथमोपचाराचे वर्ग रेडक्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या संस्था घेतात. गावातल्या दहाबारा जणांनी मिळून एका कागदावर घरोघरची माणसे, अंथरुणाला खिळलेले रुग्ण, उंचावरची पक्की जागा, ट्रॅक्टर आणि दोर कोणाकडे आहेत याची नोंद करायला एक संध्याकाळ पुरते. नाव असेल तर तिच्या बाजूवर ठळक रंगाने लिहावे, एका खेपेला माणसे किती. आणि पूर येण्याआधीच ग्रामसभेत ठरवून टाकावे की काठावर उभा राहून ती मोजणार कोण.